तीन-पाच-दोन आणि एक सुपारी

खोली बघायला गेलो तेव्हा अप्पांनी मला भाडं सांगितलं नाही, पाणी किती वाजता येतं ते सांगितलं नाही, लग्न झालंय का तेही विचारलं नाही. गाव कुठलं, एवढंच विचारलं. मी कोल्हापूर म्हटल्यावर ते झोपाळ्यावरून उठले आणि घरात तोंड करून म्हणाले, "अगो, कोल्हापूरचे आहेत. सरबत आण." बदली होऊन मी नुकताच रत्नागिरीत आलो होतो. ऑफिसात माझी भाषा ऐकून लोक दचकत होते, त्यामुळे कोल्हापूरचं हे कौतुक ऐकून मला बरं वाटलं. काकूंनी कोकमाचं सरबत आणलं. मी पेला डाव्या हाताने घेतला, आणि अप्पा बोलता बोलता थांबून माझ्या हाताकडे बघत राहिले.

"डावखुरे काय?"

"हो. का?"

"काही नाही. सामान कधी आणताय?"

अशी मला ती खोली मिळाली. शहरापासून थोडी लांब, हापूसच्या कलमांच्या बागेच्या तोंडाशी, वारा भरपूर. मला वाटलं, माझ्या सभ्य चेहऱ्याकडे बघून दिली. पहिल्या रविवारी सकाळी दारावर थाप पडली तेव्हा खरा प्रकार कळला. बाहेर अप्पा उभे होते. अर्धी चड्डी, वर बनियन, खांद्यावर पंचा. जानव्याला कपाटाची किल्ली असायची, तिच्याशेजारी शिट्टी बांधलेली. म्हणाले, "चला, तुमची जागा दाखवतो."

कोल्हापूर म्हणजे फुटबॉल हे त्यांनी कुठेतरी वाचलं होतं, आणि ते खोटंही नाही. आमच्याकडे पेठापेठांच्या टीम आहेत, मॅचच्या दिवशी माणसं दुकानं उघडी टाकून जातात. पण त्या गावात जन्मून बॉलला पाय न लावलेला एक माणूस असणारच, आणि तो नेमका अप्पांच्या वाट्याला आला होता. त्यातून मी लिहितो-जेवतो डाव्या हाताने, पण लाथ मारायची झाली तर उजवाच पाय पुढे येतो. हे त्यांना पाच मिनिटांत कळलं. मी म्हटलं, "अप्पा, मी उजवीकडे खेळतो की." ते माझ्याकडे दयेने बघत म्हणाले, "खड्डा डावीकडे आहे. कलम उजवीकडे कसं लावू?"

या माणसाचं सगळं डोकं समजून घ्यायचं असेल तर हे खड्ड्याचं गणित समजून घ्यायला हवं. कलमं लावायची तर उन्हाळ्यात आधी दोऱ्या धरून खड्डे आखतात, खणतात, माती भरून ठेवतात. कलमं मागाहून पावसात येतात. कलम बघून कुणी खड्डा खणत नाही. अप्पांनी फुटबॉलची टीम नेमकी याच पद्धतीने बांधली. "रचना आधी, माणसं मागाहून," असं ते दिवसातून एकदा तरी म्हणत. त्यांची रचना होती तीन-पाच-दोन. मागे तीन, मध्ये पाच, पुढे दोन. अठ्ठ्याण्णव सालचा वर्ल्डकप टीव्हीवर बघताना ती त्यांना सापडली होती. त्याआधी फुटबॉल म्हणजे रिकामटेकड्यांचा उद्योग, असं त्यांचं जाहीर मत होतं.

ही रचना ओटीवर कायम मांडलेली असे. मागे एक, मग तीन, मग पाच, मग दोन. दहा काजूच्या बिया आणि मधल्या रांगेत अगदी डावीकडे एक सुपारी. येणारा-जाणारा त्यांना ओलांडून आत जायचा. काकू केर काढताना बिया केरसुणीने बाजूला सारायच्या आणि नंतर अप्पा पुन्हा मांडायचे. पण सुपारीला काकूंची केरसुणी लागलेली मी कधी बघितली नाही. तिच्याभोवतून केर जायचा.

माणसं त्यांनी कशी निवडली, तेही बघण्यासारखं होतं. खेळता येतं का, हा प्रश्न त्यांनी कुणालाच विचारला नव्हता. बागेच्या राखणीला एक नेपाळी होता. माकडांची टोळी कुठल्या बाजूने उतरणार हे त्याला आधी कळायचं, म्हणून तो गोलकीपर. मागच्या तिघांत चिरेखाणीवरचे दोन भाऊ होते. "हे जागचे हलत नाहीत," हे अप्पांनी त्यांचं केलेलं कौतुक. पुढचे दोघे बंदरावरचे, वाळूत पळून तयार झालेले. मधोमध एस.टी.चा एक कंडक्टर होता, कारण भरल्या गाडीत तो कुणाला धक्का न लावता मागून पुढे जाऊ शकत असे. कुणी म्हणालं, "अप्पानू, हा मानूस मागं बरा खेळल," की अप्पा म्हणायचे, "खेळेल. पण तिथे खड्डा भरलाय."

मला न कळणारी एक गोष्ट होती. तीन-पाच-दोनमध्ये डावीकडे एकच माणूस असतो. पूर्ण डावी बाजू त्याची. मागे धावायचं त्यानेच, पुढे धावायचं त्यानेच. म्हणजे असा एखादा घोडा जवळ असेल तरच ही रचना घ्यावी. अप्पांकडे तो नव्हता. त्यांच्याकडे मी होतो. चार-चार-दोन ठेवलं असतं तर माझं ओझं दोघांत वाटलं गेलं असतं, हे कंडक्टरसुद्धा सांगून थकला होता.

प्रॅक्टिस बागेतच चालायची. आजूबाजूला सगळा कातळ, त्यावर पडलं की गुडघा सोलून निघायचा. बागेत माती होती, सावली होती. फक्त मध्ये कलमं होती. आमच्यापैकी प्रत्येकाची जागा कुठल्या ना कुठल्या कलमाखाली होती, आणि प्रत्येक कलमाला नाव होतं. विहिरीवरचं, जुळं, वीज पडलेलं, वांझं. अप्पा शिट्टी फुंकून ओरडायचे, "जुळ्यावरून वांझ्याकडे!" आणि चिरेखाणीवरचा थोरला बॉल घेऊन बरोबर तिकडे वळायचा. नवख्या माणसाला वाटलं असतं, फवारणी चालली आहे.

माझं झाड मात्र मला कधीच दिसलं नाही. बागेच्या डाव्या अंगाला जांभ्या दगडाचा छातीएवढा गडगा होता आणि त्यापलीकडे करवंदीची डोक्याहून उंच, दाट जाळी. अप्पा म्हणायचे, "तुमची जागा आईच्या कलमाखाली." मी विचारलं, ते कुठे आहे? त्यांनी हाताने गडग्याच्या पलीकडे दाखवलं. मग मी काय करायचं? "गडग्याला चिकटून धावायचं. कलम मनात धरायचं." मी धावायचो. उजवं कोपर मोकळं, डावं दगडाला घासून लाल. एकदा वैतागून म्हटलं, "अप्पा, सगळेच एक रांग उजवीकडे सरकू या ना. तिकडे जागा पडलीय." अप्पांनी शिट्टी जानव्यावर परत सोडली. "रचना सरकत नाही," म्हणाले आणि घरी गेले. त्या दिवशी पुढे प्रॅक्टिस झाली नाही.

बॉल गडग्यापलीकडे गेला की आणायला कुणी जायचं नाही, हाही एक नियम होता. नुसतं थांबायचं. थोड्या वेळाने जाळीमागून बॉल परत यायचा. फेकलेला नाही, मारलेला. गडग्यावरून वळत वळत यायचा आणि मधल्या गड्याच्या पायाशी अलगद पडायचा. मी कोल्हापूरचा आहे. खेळलो नसलो तरी डाव्या पायाने मारलेला बॉल हवेत कसा वळतो हे लहानपणापासून बघितलेलं आहे. कंडक्टरला विचारलं, "कोण आहे तिकडे?"

तो खाली बघत म्हणाला, "पलीकडचे हायत."

अप्पाही तेवढंच म्हणायचे. पलीकडचे.

संध्याकाळी काकू अंगणात वाल निवडत बसल्या होत्या. मी सरळ विचारलं आणि त्यांनीही सरळ सांगितलं. पलीकडचे म्हणजे अप्पांचे सख्खे धाकटे भाऊ. आधी बोटीवर नोकरीला होते, आता घरीच असतात. सासूबाई गेल्यावर वाटण्या झाल्या, मोजणीवाल्याने रेघ ओढली आणि सासूबाईंनी स्वतःच्या हाताने लावलेलं कलम रेघेपलीकडे गेलं. त्यावरून शब्दाला शब्द वाढला, मग गडगा झाला, मग बोलणं बंद. "तरुणपणी भावोजी डावीकडून असे पळायचे की लोक बघायला यायचे," काकू म्हणाल्या. "हे तेव्हा त्यांना ओरडायचे, अभ्यास सोडून बॉल काय बडवतोस म्हणून. मग त्या वर्ल्डकपात टीव्हीवर कुठल्याशा टीमचा डावीकडचा माणूस पळायला लागला, आणि हे उठून उभे राहिले. सकाळी बघते तर ओटीवर बिया मांडून बसलेले."

"मग सरळ हाक का मारत नाहीत?"

"कोण, हे?" काकूंनी सूप खाली ठेवलं. "एका माणसाला हाक मारता येईना म्हणून दहा गोळा केलेत त्यांनी."

मग मी सुपारीचं विचारलं. काकू म्हणाल्या, "पूजेला जोडीतलं माणूस हजर नसलं की त्याच्या जागी काय ठेवतात?" मला उत्तर माहीत होतं. माझी आई माहेरी असली की वडील कनवटीला सुपारी लावून पूजेला बसायचे. म्हणजे त्या टीममध्ये मी कोण होतो हेही मला त्याच दिवशी कळलं. वाईट वाटायला हवं होतं, पण खरं सांगतो, मला अप्पांची मायाच आली. दुसऱ्या दिवसापासून मी कोपराची कुरकुर बंद केली.

डिसेंबर संपता संपता कलमं मोहोरली, आणि काकूंनी फतवा काढला की मोहोरात बॉल उडता कामा नये. हे अप्पांनाही मान्य होतं, त्यांच्या वर्षाच्या भाकरीचा प्रश्न होता. स्पर्धा तर जानेवारीच्या अखेरीला. दुसऱ्या कुठल्याही टीमने दुसरं मैदान शोधलं असतं. आम्ही बॉलशिवाय प्रॅक्टिस केली. महिनाभर अकरा बाप्ये मोहोर सांभाळत, वाकून, एकमेकांना नसलेला बॉल देत बागेतून पळत होते. नेपाळी तर इतका रंगला की नसलेला बॉल अडवताना त्याने खरंच अंग टाकलं आणि खांदा दुखवून घेतला. अप्पा शिट्टी वाजवून म्हणायचे, "सुंदर. अगदी सुंदर."

स्पर्धा अलोऱ्याला होती, कोयना प्रकल्पाच्या कॉलनीतल्या मैदानावर. आंब्याच्या पेट्या नेणाऱ्या टेम्पोत पेंढा टाकून आम्ही त्यावर बसून गेलो. मैदान बघितलं आणि आम्ही टेम्पोपाशीच थांबलो. चहूकडे सपाट, हिरवं, चुन्याच्या रेघा ओढलेलं, आणि एकही झाड नाही. चिरेखाणीवरच्या धाकट्याने मला हळूच विचारलं, "जुळं कुठं धरू?" मला माझंच माहीत नव्हतं, त्याला काय सांगणार. समोर कॉलनीची टीम होती, सगळ्यांना एकसारखे बूट. पहिल्या अर्ध्यात त्यांनी दोन गोल केले, आणि आम्ही चुकलेल्या गुरांसारखे हिंडत होतो. महिन्याभराने पायाशी आलेला बॉल बघून कंडक्टर तर दचकलाच.

मध्यंतरात अप्पांनी कुणाला बोल लावला नाही. सगळ्यांना गोल बसवून म्हणाले, "डोळे मिटा. आता मोहोर दिसतोय का? दिसला की उघडा, आणि तो सांभाळून पळा." मला हसू येत होतं, पण बाकीच्यांनी खरंच डोळे मिटले. दुसऱ्या अर्ध्यात अप्पा उजव्या रेघेबाहेर उभे राहून ओरडायला लागले. "वीज पडलेल्यावरून विहिरीकडे! जुळ्याला द्या, जुळ्याला!" कॉलनीची पोरं एकमेकांकडे बघायला लागली. आमची माणसं मात्र त्या सपाट मैदानात, नसलेल्या झाडांना वळसे घालत अशी पळू लागली की समोरच्यांना ती कुठून वळणार हे कळेना. बंदरावरच्या एकाने गोल केला. अप्पांनी पंचा हवेत उडवला.

आता बरोबरी करायची तर डावी बाजू हवी होती. "कोल्हापूर, आईच्या कलमाकडे!" अप्पा ओरडले. मी पळालो. पण किती पळू? बाकीच्यांना आपापली झाडं पाठ होती, माझं झाड मी जन्मात बघितलं नव्हतं. अंदाजाने एका जागी थांबलो. तेवढ्यात माझ्या डाव्या कानाशी, रेघेबाहेरून आवाज आला.

"तिथे कुठे उभे राहिलात? आईचं कलम अजून पुढे आहे."

वळून बघितलं. उंच, अप्पांसारखंच नाक, खांद्याला एस.टी.तल्या प्रवासाची पिशवी. कुणी न बोलावता हा माणूस दोन गाड्या बदलून अलोऱ्याला आला होता. मी पुढे सरकलो. मैदानाच्या पलीकडून अप्पांचा आवाज आला, "पुढे नव्हे! मागे या! मागे आहे ते!"

अप्पांचे धाकटे भाऊच ते. त्यांनी मान वर केली. आता ते माझ्याशी बोलत नव्हते. "दादा, पुढेच आहे. मी रोज बघतो."

अप्पांनी शिट्टी जानव्यासकट तोंडात धरली. मग ती काढून म्हणाले, "खड्डा मी खणलाय. तू तेव्हा पाळण्यात होतास. विहिरीच्या रेषेत आहे ते."

"होतं. वादळात झुकलं. तुम्ही बघायला आलात कुठे?"

"येणार कुठून? गडगा कुणी घातला?"

"अर्धा तुम्ही घातलात."

मैदानाच्या या कडेपासून त्या कडेपर्यंत हे चाललं होतं आणि मध्ये मी, कधी दोन पावलं पुढे, कधी दोन मागे. सगळे आमच्याकडे बघत राहिले. नेपाळीसुद्धा गोल सोडून ऐकायला पुढे आला, आणि कॉलनीच्या पोराने तेवढ्यात लांबून बॉल आत घातला. तीन-एक. आम्ही हरलो. अप्पांना शेवटची शिट्टी ऐकू आली की नाही, मला शंका आहे.

निघताना धाकटे पिशवी सावरत रस्त्याकडे वळले. अप्पा टेम्पोपाशी उभे राहून मला म्हणाले, "पलीकडच्यांना सांगा, एस.टी. गेली."

कंडक्टर प्रामाणिक माणूस. तो म्हणाला, "नाय अप्पानू, साडेपाचची हाय अजून."

"गेली म्हणतो ना मी."

धाकटे टेम्पोत चढले. अप्पा पुढे ड्रायव्हरशेजारी बसायचे, ते त्या दिवशी मागे पेंढ्यावर बसले. रत्नागिरी येईपर्यंत दोघं दोन बाजूंना तोंडं करून बसले होते. पण कुणी परका पाव्हणा असता तर त्यालाही कळलं असतं की हे दोघं एका आईचे आहेत, कारण दोघांनाही गाडी वळली की एकाच बाजूला डुलकी लागत होती.

सकाळी अप्पा माझ्या दाराशी आले. "चला, कुठे उभं राहायचं होतं ते बघून घेऊ." गडग्यापाशी गेलो. त्यांनी पंचा कमरेला बांधला, आणि साठीचा तो माणूस दगडात पाय देऊन पलीकडे उतरला. मी मागोमाग. धाकटे कलमाखाली उभेच होते, जणू वेळ ठरली होती. कलम मोठं, एका अंगाला कललेलं, मोहोराने पिवळं झालेलं. मी मनात म्हटलं, आता मोजणी सुरू होणार. अप्पांनी बुंध्यावर हात ठेवला. बराच वेळ ठेवला. मग म्हणाले, "मोहोर बरा धरलाय."

"तुडतुडा आहे जरा," धाकटे म्हणाले. "फवारणी राहिलीय."

"माझ्याकडे पंप आहे."

कलम पुढे आहे का मागे, हे मला आजतागायत कुणी सांगितलेलं नाही. तिथून तिघेही ओटीवर आलो. धाकटे बिया ओलांडून झोपाळ्याशी गेले आणि खाली बघत थांबले. काकू दारात आल्या. अप्पा वाकले, मांडलेल्या रचनेतून सुपारी उचलली, पंच्याला पुसली, पानाच्या डब्यातून अडकित्ता काढून कातरली आणि अर्धी भावाच्या हातावर ठेवली. मग खिशातून एक काजूची बी काढून रिकाम्या जागी नीट सरळ मांडली. काकूंनी पदर डोळ्यांना लावला आणि चहा टाकायला आत गेल्या. मी उगाच बाहेर माकडं आली का बघायला गेलो.

पुढच्या ऑक्टोबरात माझं नाव टीममधून उडालं. अप्पांनी स्पष्ट सांगितलं, "तुम्ही आता राखीव. वाईट वाटून घेऊ नका." धाकट्यांनी चाळिशी ओलांडली होती. दहा मिनिटं वाऱ्यासारखे पळायचे आणि मग गडग्याला टेकून धापा टाकायचे. तेवढ्यात त्यांची जागा सांभाळायला मला हाक यायची, तिला मी आनंदाने ओ द्यायचो. त्या टीमने नंतरही स्पर्धा कधी जिंकली नाही. रचनाही कधी बदलली नाही.

दोन हजार तीनमध्ये माझी बदली झाली. मी सामान बांधत होतो तेव्हा एक तरुण मुलगा खोली बघायला आला. अप्पांनी गाव विचारलं. तो सांगली म्हणाला. काकूंनी सरबत आणलं आणि त्याने पेला डाव्या हाताने घेतला. माझा हात दोरीच्या गाठीवर थांबला.

"डावखुरे काय?" अप्पांनी विचारलं.

"हो."

अप्पांनी मान हलवली. "मग खेळायचं काही जमणार नाही बघा. डावीकडे आमचा धाकटा आहे. खोली घ्या खुशाल."